कपांची जागा

तामाझने पहिलं कपाट उघडलं. त्यात पिठाचे डबे होते. दुसरं उघडलं, तर पातेली. तिसऱ्याला हात लावण्याआधी त्याने लॉरेनकडे चोरून पाहिलं आणि पिकरिंगने नेमकं तेवढंच टिपलं.

चहा पिकरिंगला नकोच होता. इमिग्रेशन खात्यात त्याची हयात गेली होती आणि चहा मागणं हा त्याचा जुना डाव होता. प्रश्नांची उत्तरं पाठ करता येतात. कप कुठे असतो, ते मात्र हाताला ठाऊक असावं लागतं.

लॉरेन इथलीच, इंग्लंडातल्या ग्रिम्स्बी बंदराची. मासळीच्या कारखान्यात मुकादम. तामाझ जॉर्जियाहून आलेला, तिच्याच हाताखाली मासे कापणारा. लग्न केलेलं नाही, पण तिचा जोडीदार म्हणून त्याला या देशात राहायची परवानगी हवी होती. दोघांचं नातं लग्नासारखंच आहे, निदान दोन वर्षं टिकलेलं आहे, हे खात्याला पटायला हवं. नाही पटलं तर तामाझने गाशा गुंडाळायचा. आणि पटवून घ्यायचं की नाही, ते आज पिकरिंगच्या हातात होतं.

"कप कुठे ठेवलेस?" तामाझने शेवटी विचारलं.

"सिंकच्या वर," लॉरेन म्हणाली आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. ती पिकरिंगकडे वळली. "मी काल सगळं हलवलं हो. तुम्ही येणार म्हणून आवरायला घेतलं, आणि मग हात थांबेचनात. आमची आईसुद्धा अशीच. बाहेरचं कोणी येणार म्हटलं की घर उलटंपालटं करायची."

"असं सगळेच म्हणतात," पिकरिंग म्हणाला.

लग्न का केलं नाही, हे त्याने विचारलं. लॉरेनने जरा वेळ टेबलावरचा कपडा सरळ केला. एकदा केलं होतं, म्हणाली. माणूस भला होता, बोटीवर गेला तो परत आला नाही. "पुन्हा विधवा व्हायची हौस नाही मला."

पिकरिंगला हे उत्तर आवडलं नाही. फार नेटकं होतं. खऱ्या माणसांना अशी वाक्यं ऐन वेळी सुचत नाहीत, असं त्याचं मत होतं. तामाझला त्याने विचारलं, ही रागावली की काय करते? भांडी घासते, तामाझ म्हणाला. घासलेलीच? हो, घासलेलीच. मग तामाझने न विचारता तिच्या चहात दूध जरासंच घातलं, साखर घातली नाही. हेही पिकरिंगने पाहिलं, पण एवढं कोणीही शिकवून ठेवतं. त्याची स्वतःची बायको घर सोडून गेली तेव्हा दारात म्हणाली होती, "मी रडले तरी तू आधी डोळे खरंच ओले आहेत का ते बघतोस." तेही त्याला तेव्हा जरा नेटकंच वाटलं होतं.

कळवतो, असं सांगून तो उठला. चहा तसाच राहिला.

त्याचा दुसरा डाव बाहेरचा होता. गाडी सुरू करून तो कोपऱ्यापर्यंत गेला, वळला, आणि समोरच्या बाजूला, दिव्याचा उजेड पोचत नव्हता तिथे, झुडपाच्या कडेला येऊन थांबला. नुकतंच अंधारून आलं होतं. घराचं स्वयंपाकघर रस्त्याकडे होतं आणि पडदा उघडा होता. नाटक करणारी माणसं पाहुणा गेला की एकदा तरी खिडकीशी येतात, गेला ना, बघतात. मग हसतात. त्या एका नजरेवर पिकरिंगने आजवर कितीतरी जणांना परत पाठवलं होतं, आणि त्याबद्दल त्याची झोप कधी उडाली नव्हती.

खिडकीशी कोणी आलं नाही. लॉरेन तोंड झाकून खुर्चीत बसली होती. तामाझ काहीतरी म्हणाला. तिने हात झटकला, चांगलीच तडकली असावी. मग त्याने सिंकच्या वरचं कपाट उघडलं आणि एकेक कप बाहेर काढून ठेवू लागला.

थोड्या वेळाने ती उठली. आता ती कप उचलून देत होती आणि तो शेगडीशेजारच्या कपाटात, बहुधा जुन्या जागी, लावत होता. तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं, त्याचं तिच्याकडे नव्हतं. कप मात्र बरोबर हातातून हातात जात होते. एकदा चुकलं. कप खाली पडून फुटला असावा, कारण दोघंही वाकून जमिनीकडे बघत राहिली.

तामाझने मागे न पाहताच हात लांब केला, दाराजवळचं अरुंद कपाट उघडलं, आणि झाडू आणि सुपली बाहेर काढली.

पिकरिंग पुढे सरकून बघत राहिला. म्हणजे झाडू काल लॉरेनने हलवला नव्हता.

शिकवलं असेल, हे सवयीने त्याच्या मनात आलंच. पण झाडूची तालीम कोण कशाला करेल? त्याला स्वतःचाच राग आला, आणि तरीही तो त्या एका नजरेची वाट बघत राहिला. ती नजर आली असती तर त्याला सुटल्यासारखं वाटलं असतं.

लॉरेन पडदा ओढायला खिडकीशी आली. पडद्यावर हात ठेवून थांबली. तिने डोळे पुसले आणि रस्त्याकडे पाहिलं, झुडपाकडे, गाडीकडे.

आणि पिकरिंग, आजवर कधी नव्हे तो, चोरासारखा सीटवर खाली सरकला.