आधी उंदराचं जेवण

मुंजाबाच्या पोटातली गाठ विषाणूमुळं झालेली. डॉक्टरांनी काढलेला तिचा तुकडा लेकीच्या प्रयोगशाळेत उंदराच्या अंगात वाढवला होता. नवं औषध आधी त्याच्यावर चालवून बघायचं. लेक हे बोलून गेली आणि पंचाईत झाली. दुष्काळात मेंढरं विकेपर्यंत ती चरल्याशिवाय मुंजाबानं कधी भाकरी मोडली नव्हती. आता शहरात, बजाजनगरच्या खोलीत त्यानं पेजेची वाटी बाजूला सारली. “माझं दुखणं त्यो मुका जीव सोसतोय. त्यानं खाल्लं का?” “आबा, उंदीर हाय त्यो!” “मग? उंदराला पोट नाय व्हय?” बायको लेकीवरच डाफरली, “जा, आधी त्याच्याकडं बघून ये!” संध्याकाळी लेकीनं मोबाइल पुढं धरला. पांढरा उंदीर पुढच्या पायांत दाणा धरून कुरतडत होता. मुंजाबानं मेंढरांना घालायचा तशी हळूच साद घातली. मग वाटी ओढली. “वाढ गं,” बायकोला म्हणाला, “कळप चरला.”