स्वच्छ कॅसेट

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली आणि आसावरीने चरफडत टेपरेकॉर्डर थांबवला. आता इतिहासाचं अख्खं पान पुन्हा वाचायचं. तिने कॅसेट मागे घेतली, खिडकी लावली, वर जाड चादर टांगली. मग दार किलकिलं करून सासूबाईंना म्हणाली, "आई, निधीला घेऊन जरा बागेत जाता का? तासभरच." सासूबाईंनी मुकाट्याने चपला घातल्या. तिची सहा वर्षांची लेक निधी चवड्यांवर चालत बाहेर पडली.

दान कशाचं करायचं हे आसावरीने फार विचार करून ठरवलं होतं. नवऱ्याचं, सुशांतचं दान म्हणजे ऑफिसातून परस्पर जाणारा चेक. सासूबाईंचं म्हणजे वर्षातून एकदा मठात अन्नदान. ते काय, कुणीही करतं. आसावरीने आपला आवाज द्यायचं ठरवलं. पुण्यात कॉलेजात वक्तृत्वाची ढाल मिळवलेला आवाज होता तो. इकडे कानडी मुलखात, इंदिरानगरात बिऱ्हाड थाटल्यापासून दोन वर्षं ती अंध मुलींच्या वसतिगृहासाठी पाठ्यपुस्तकं वाचून कॅसेटी भरत होती. उच्चार चोख, आणि मागे पंख्याची घरघरसुद्धा नाही.

आणि मुली मागायच्या त्या रंजिताच्या कॅसेटी.

रंजिता बेळगावची. के. आर. पुरमला राहायची, इंग्रजी पुस्तकं कानडी हेल काढून वाचायची आणि दर पानाला अडखळायची. तरी वसतिगृहाच्या कपाटात तिच्या कॅसेटी कधी सापडायच्या नाहीत. सतत कुणीतरी नेलेल्या असायच्या. आसावरीच्या मात्र ओळीने उभ्या. ते कपाट पाहिलं की आसावरीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा तिने रंजिताची एक कॅसेट मागून घरी आणली आणि दार लावून ऐकली. फ्रेंच राज्यक्रांती चालू असताना मधेच भाजीवाला ओरडत होता. कुणीतरी भांडी आदळली. एक मूल रडत आलं, तेव्हा रंजिता सरळ म्हणाली, "स्वल्प थांबा हं पोरींनो, ह्याचं नाक पुसून येते." मागून कुणीतरी म्हातारा खो खो हसला. आसावरीने कॅसेट काढून टाकली. असल्या गोंधळाला मुली भुलतात आणि आपण इथे चादरी टांगतोय, या विचाराने तिला त्या रात्री जेवण गेलं नाही.

म्हणून जूनमध्ये वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला तेव्हा तिला आधी खरंच वाटेना.

"मुली म्हणतात, आम्ही नेहमी घेतच असतो, आता आम्हीही कुणाला तरी काही देणार," बाई म्हणाल्या. "वाचणाऱ्यांतून त्यांनी एकीला निवडलंय. रविवारी दोघी घरी येतील."

"रंजिताकडे?"

"नाही हो, तुमच्याकडे. एकमताने."

फोन ठेवला तो रंजिताला लावण्यासाठीच. रंजिता म्हणाली, "बरं झालं की हो. लई गुणी पोरी आहेत." तिच्या आवाजात जळफळाटाचा मागमूस नव्हता. आसावरीला तेवढीच एक रुखरुख लागून राहिली.

रविवारी तिने शिरा केला आणि ठेवणीतली साडी नेसली. सवयीप्रमाणे घरच्या सगळ्यांना आतल्या खोलीत बसवलं. मुलींशी निवांत बोलता यावं, एवढंच तिच्या मनात होतं. पांढऱ्या काठ्या टेकत दोन मुली आल्या. बोलणारी सुचेता, निपाणीची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. दुसरी नुसतीच हसत होती.

"अक्का, पैसे काय आमच्याजवळ नाहीत," सुचेता म्हणाली. "वेळ आहे. तोच द्यायचा म्हणून ठरवलं. दर रविवारी आमच्यातल्या दोघीजणी येऊन तुमच्याशी गप्पा मारत बसणार."

आसावरीला धन्य वाटलं. तरी ते मुलीच्या तोंडून ऐकायचं होतंच. "वाचणाऱ्या इतक्या जणी आहेत. रंजिताही आहे. मग मीच का गं?"

"रंजिताअक्कांना काय कमी? घर भरलंय त्यांचं. घरची आठवण आली की आम्ही त्यांची कॅसेट लावतो." सुचेताने चाचपडत आसावरीचा हात हातात घेतला. "तुमच्या आम्ही सगळ्या ऐकल्या, अक्का. चाळीसच्या चाळीस. एकदासुद्धा कुणाची चाहूल नाही. कुणी हाक मारत नाही, कुणी खोकत नाही. एवढ्या मोठ्या गावात एकट्याच राहता, आमच्यासाठी इतकं वाचता. आम्हाला फार वाईट वाटलं बघा."

आसावरीने तोंड उघडलं. तेवढ्यात आतल्या खोलीत सासूबाईंना ठसका लागला. सुशांत "पाणी, पाणी" म्हणाला आणि निधी मोठ्यांदा हसली.

सुचेताने कान टवकारले. मग घाईघाईने हात सोडवून घेत, मैत्रिणीला कोपराने खुणावत ती उठली.

"पाहुणे आलेत होय? मग असू दे अक्का, आज तुम्हाला सोबत आहे. ते गेले की आम्ही येतो."