चहाच्या निमित्ताने

"रुग्ण सुशिक्षित, घरांचे नकाशे काढणारी, पहिलंच बाळंतपण," मनोविकारतज्ज्ञ व्यासपीठावरून म्हणाला. श्रोत्यांत बसलेली त्याची बायकोही घरांचे नकाशेच काढत असे. आपल्याच धंद्यातली, आपल्यासारखीच आणखी कोणी आहे, या कल्पनेने तिला क्षणभर आधार वाटला. दुःखाला सोबत लागते. ती अनोळखी असली तर अधिकच बरी.

बाळ तिच्या मांडीवर झोपले होते. शेजारी सासूबाई मांडीवर पिशवी घेऊन सभागृह न्याहाळत होत्या. "बघ, पाय ठेवायला जागा नाही. सगळी तुझ्या नवऱ्याला ऐकायला आलीत. आणि तू कशी तोंड पाडून बसलीयस!"

तिने तोंड वर केले. बाळंतपणापासून तेवढे कामही तिला जड जात होते. बाळ रडले की हातापायांतले बळ जाई. ते झोपले की आपल्यावाचून हे मूल अधिक सुखात वाढेल, हा विचार अंगावर येई. परवा ती त्याला घेऊन गच्चीच्या कठड्याशी उभी राहिली होती. इथे आपण का आलो, हे काही केल्या आठवेना, तेव्हा घाबरून खाली पळाली होती. तिने ते नवऱ्याला सांगितले. "तू थकली आहेस, दुसरं काही नाही," असे म्हणून त्याने तिच्या अंगावरचे पांघरूण नीट केले. जो दिवसभर परक्यांची मने उकलतो, त्याला घरी आल्यावर आंधळे होण्याची मुभा असावी, अशी तिने स्वतःची समजूत घातली. आज मात्र व्याख्यान संपले की त्याचा हात धरायचा आणि म्हणायचे, मला वाचव. एवढे ठरवून ती घराबाहेर पडली होती.

व्याख्यानाचा विषय बाळंतिणीचे मानसिक आरोग्य हा होता, आणि व्याख्याता त्यावर अतिशय हळवेपणाने बोलत होता. "बाळंतीण खचते तेव्हा घर तिला काय सांगतं? तू थकली आहेस! मित्रहो, हे वाक्य म्हणजे प्रेमाच्या हातांनी लावलेली कडी आहे."

टाळ्या पडल्या. तिला वाटले, आता त्याला कळेल. बोलता बोलता माणसाला कधी कधी स्वतःचेच बोलणे ऐकू येते.

"या रुग्णाला आम्ही तपासणीला बसवलंच नाही," तो पुढे म्हणाला. "बसवलं की बाई सावध होते. घरच्या माणसानं सुटीच्या दिवशी चहा करायचा, जवळ बसायचं आणि सहज विचारायचं. या आठवड्यात मनापासून हसलीस का? उगीचच स्वतःला दोष दिलास का? चहाच्या निमित्ताने विचारलं की उत्तर खरं येतं."

दर रविवारी नवरा करून आणी तो चहा. आठवड्यातून तेवढ्याच वेळी तिला कोणी काही विचारत असे, आणि त्या बळावर ती उरलेला आठवडा ओढत असे. पडद्यावर त्या उत्तरांची एक रेषा उमटली. उतार वाचणे हे तर तिचे रोजचे काम. रेषा रविवारमागून रविवार खाली उतरत गेली होती, आणि कोणी तिला कुठेही अडवले नव्हते.

"आणि घरातली वडीलधारी बाई काय म्हणते, ऐका," तो हसून म्हणाला. "'आमच्या वेळी बाळंतिणीला रडायलासुद्धा सवड नव्हती!'"

सभागृह खदखदून हसले. सासूबाई हसल्या नाहीत.

"अगं, हे तर मी म्हटलं होतं," त्या पुटपुटल्या. "आपल्या स्वयंपाकघरात." मग त्यांनी सुनेकडे पाहिले, लग्नानंतर बहुधा प्रथमच. "म्हणजे ही बाई..."

"हो, आई."

अध्यक्षस्थानी एक वयस्क डॉक्टरबाई होत्या. त्यांनी विचारले, "उपचार कधी सुरू केलेत?"

"केले नाहीत. उपचारांविना ही अवस्था कुठवर जाते, हे इतक्या जवळून कोणी पाहिलेलं नाही. अभ्यासाचं मोल त्यातच आहे."

शास्त्राची भाषा मोठी सभ्य असते. बुडणाऱ्याकडे काठावरून पाहत बसण्यालाही तिच्यात एक भारदस्त नाव सापडते.

"रुग्णाची संमती?"

"तिला सांगितलं असतं तर निरीक्षणच बिघडलं असतं, मॅडम. म्हणून पतीची घेतली. लेखी आहे."

श्रोत्यांनी माना डोलावल्या. पती म्हटले की अजूनही पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

ती उठली. पायांत बळ आले होते असे नव्हे. बसून राहायलाही तितकेच बळ लागले असते. सासूबाईंनी हात पुढे करून बाळ आपल्याकडे घेतले. "जा," त्या म्हणाल्या. "हा माझ्यापाशी आहे. तू जा."

तिला पुढे येताना पाहून त्याने सवयीने स्मित केले आणि सभागृहाला सांगितले, "या आमच्या सौभाग्यवती." पुन्हा टाळ्या पडल्या. तिने त्याच्याकडे पाहिले नाही. ती सरळ डॉक्टरबाईंच्या मेजापाशी जाऊन उभी राहिली. त्यांच्यासमोरचा माइक चालूच होता.

"ती रुग्ण मी आहे, डॉक्टर," ती म्हणाली. "माझ्यावर आजच उपचार सुरू करा. या वेळी संमती माझी आहे."