मेतोदींची मान

“कॉम्रेड मेतोदी, नगराध्यक्षपदाला यंदाही उभे राहाल ना?” स्तामेननं पलंगावर वाकून मोठ्यानं विचारलं.

उशीवरची मान हळूच वर गेली, खाली आली. अर्धांगानं वाचा गेली होती. अंगात मान तेवढी काय ती हलत होती.

“नाही म्हणाले.” नेदानं वडिलांच्या ओठांवरची लाळ पुसली. “मिटलं. या आता, काका.”

“होकार आहे तो.”

“अख्ख्या बल्गेरियात मान वरखाली केली की ‘नाही’, आडवी हलवली की ‘हो’. तुमच्यासाठी वेगळं आहे का काही?”

“आहे, पोरी. आम्ही मॉस्कोत शिकलो. पक्षाच्या कामात मान रशियनांसारखी हलवायची, हा शिरस्ता. घरात काही का असेना, तुझा बाप बैठकीत कधी चुकला नाही.”

“ही बैठक नाही. माझ्या बाबांची खोली आहे.”

“दोन सभासद आणि एक विषय. आणखी काय असतं बैठकीत?”

एके काळी ज्या पक्षाच्या नावानं पेर्निक शहर चळाचळा कापायचं, त्यात आता हे दोघेच उरले होते.

“तुम्हाला मतं पडतात त्याहून जास्त माणसं इथल्या बसमध्ये उभी असतात,” नेदा म्हणाली.

“म्हणून तर तो हवा. खाणीतली जुनी माणसं त्याचं तोंड बघून तरी मत देतील. रविवारी खुर्चीत बसवून चौकात नेऊ.”

“पलंगावरून हलवलं तर जातील, असं डॉक्टर म्हणालेत.”

“व्यासपीठावर गेला तर सोनंच झालं की!”

नेदानं दार उघडून धरलं. “मी हो म्हणेपर्यंत बाबांना कुणी हात लावायचा नाही.”

स्तामेन पुटपुटत जिना उतरू लागला.

ती पलंगाशी परतली. आजारी पडल्यापासून वडील तिच्याकडे भिंतीकडे पाहावं तसे पाहत. एक प्रश्न तिनं भीतीपोटी आजवर विचारला नव्हता. जिंकल्याच्या भरात आज तो तोंडातून निघून गेला.

“बाबा, मी कोण, ओळखलंत ना?”

मेतोदींनी तिला न्याहाळलं. बराच वेळ. मग मान वर गेली, खाली आली.

जिन्यात स्तामेनची काठी अजून वाजत होती. नेदा धावत बाहेर आली, कठड्यावरून खाली वाकली.

“काका, रविवारी या! तुमचंच खरं. हो म्हणतात ते. होच म्हणतात!”