सुनेची शिकवणी

धाकटी सून रीना ओसरीवर मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. दोन गोष्टींतली कोणती जास्त आवडते ते इंग्रजीत कसं सांगायचं, हे ती महिनाभर घोकून घेत होती. मी बाजूले तांदूळ निवडत बसायची, अन् तिच्या चहाले नावं ठेवायची.

परवा थोरला लेक गुणाकर मलाजखंडहून मले न्यायले आला. "आई, मोठं क्वार्टर भेटलं. इथं तर तुमचं रोजचं भांडण."

रीनानं माही बॅग भरली. पाय मोडला तवा सहा महिने हिनंच मले न्हाऊ घातलं. पण सुनेचं चांगलं बोलायची माह्या मराठीले सवय नाही.

"आय प्रिफर रीना," मी गुणाकरले म्हटलं.

मग तिच्याकडे वळली. "रडून काहून राह्यली? बॅग रिकामी कर, अन् चहा टाक. आज तरी बरा कर."