जेवताना घ्यायची गोळी

माझी बायको बनुबाई गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिच्या कॅल्शियमच्या गोळ्या माझ्या खिशातच होत्या. डायलिसिसला येणाऱ्या दुसऱ्या कुणाला होतील म्हणून मी त्या डॉक्टरांच्या हातात दिल्या.

"काका, जेवताना घ्यायच्या ना त्या? रक्तातला फॉस्फरस काही उतरला नाही त्यांचा."

"घ्यायची की. मी जेवायला बसलो की सोताच्या हातानं द्यायचो. एक डाव चुकलो न्हाई."

"तुम्ही बसल्यावर? आणि त्या कधी जेवायच्या?"

"समद्यांचं झाल्यावर."

डॉक्टरांनी गोळ्या टेबलावर ठेवल्या. "गोळी त्यांच्या घासाबरोबर जायला हवी होती, काका. अन्नातला फॉस्फरस धरून ठेवते ती. रिकाम्या पोटी उपयोग नाही, उलट रक्तात कॅल्शियम वाढतं."

"बस की माझ्यासंगं," असं मी म्हटलं की ती चुलीपुढूनच हसायची. "म्हातारपणी नवरीवानी बसू व्हय? मग गरम भाकरी कोन देईल तुमाला?" मी गरम भाकरी घ्यायचो.

दहाव्याला सगळ्यांच्या आधी तिचं ताट वाढलं. तिच्यासोबत जेवायचं राहूनच गेलं.