मदतीची मेथी

भूकंपात पंचशीलाबाईचं घर पडलं, पण विहिरीकाठची मेथी तेवढी वाचली. पंधरा दिवसांनी ती मेथी घेऊन औशाच्या आठवडी बाजारात बसली. शहरातून मदत घेऊन आलेल्या एका पुढाऱ्यानं भाव न करता तिच्या सगळ्याच जुड्या विकत घेतल्या. तिला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी तिला द्यायला नव्हे, तिच्याकडून घ्यायला आलं होतं.

त्यानं जीपमधून फलक काढून तिथंच बांधला, 'भूकंपग्रस्तांना मोफत भाजीवाटप'. मग फोटोसाठी कुणीतरी भूकंपग्रस्त हवं होतं. कार्यकर्त्यानं तिलाच दंडाला धरून पुढं उभं केलं आणि पुढाऱ्यानं तिच्या हातात एक जुडी ठेवली.

"साहेब, ही माझीच मेथी हाय," ती म्हणाली.

"माहीत आहे हो, मावशी," कॅमेऱ्याकडं बघून हसत तो म्हणाला. "तोंड जरा रडकं करा."

 

पंचशीलाबाई तिथंच थुंकणार होती, पण खाली तिनं पिकवलेली मेथी पसरली होती, म्हणून तिनं तोंडातली थुंकी गिळली.